ढालीवरचे पट्टे, चौकडे आणि शंकरपाळ्या : युरोपीय कुलचिन्ह वाचायला शिका

वॉशिंग्टन डीसी शहराचा झेंडा आठवा. पांढऱ्यावर दोन लाल आडवे पट्टे आणि त्यांच्या डोक्यावर ओळीने तीन लाल तारे. शहराने तो १९३८ साली स्वीकारला, पण चित्र शेकडो वर्षांपूर्वीचं आहे. जॉर्ज वॉशिंग्टनच्या इंग्लंडमधल्या पूर्वजांच्या ढालीवर हेच होतं. हेराल्ड्री म्हणजे युरोपातली कुलचिन्हांची विद्या. ती येणारा माणूस हा झेंडा न दाखवता, फोनवरून, एका वाक्यात सांगू शकतो : 'आर्जंट, टू बार्स अँड इन चीफ थ्री मलेट्स ग्यूल्स'. ऐकणाऱ्यालाही ती विद्या येत असेल तर तो कागदावर बिनचूक तेच काढेल.

अशा वर्णनाला ब्लेझन म्हणतात. नवख्या माणसाने सगळ्यात आधी मनावर ठसवायची गोष्ट ही की कुलचिन्ह म्हणजे ब्लेझन, चित्र नव्हे. चित्रकाराने पट्टा थोडा रुंद काढला, निळा रंग गडद लावला, ढालीचं टोक गोल केलं, तरी कुलचिन्ह तेच राहतं. पण वर्णनातला एक शब्द बदलला, 'बेंड'च्या (तिरक्या पट्ट्याच्या) जागी 'बेंड सिनिस्टर' (उलट दिशेचा तिरका पट्टा) आलं, की ती ढाल दुसऱ्याच कुणाची तरी होते. म्हणून इथे डोळ्यांआधी शब्द तयार करावे लागतात. सुरुवात भौमितिक आकारांपासून करायची, कारण सिंह किंवा किल्ला कुणीही ओळखतो. पट्टे, तिरक्या रेघा आणि चौकटी यांची नावं मात्र शिकावीच लागतात, आणि जुन्या ढालींचा सांगाडा बहुतेक वेळा त्यांचाच असतो.

ही नावं मुळात फ्रेंच आहेत. इंग्रजीनेही ती तशीच ठेवली. मराठीत त्यांना रूढ प्रतिशब्द नाहीत, म्हणून इंग्रजी हेराल्ड्रीत ज्या उच्चाराने बोलतात तीच नावं इथे वापरतो.

पायरी १ : ढाल धरणाऱ्याच्या जागी उभे राहा

ढालीची उजवी बाजू म्हणजे ती धरणाऱ्या योद्ध्याची उजवी. समोरून पाहणाऱ्या आपल्याला ती डावीकडे दिसते. या बाजूला डेक्स्टर म्हणतात आणि दुसरीला, म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या बाजूला, सिनिस्टर. ढालीचा वरचा भाग चीफ आणि खालचा बेस. मधोमध असतो तो फेस पॉइंट.

डेक्स्टर बाजू मानाची. ढालीवर एकच सिंह असेल तर तो सहसा डेक्स्टरकडे तोंड करून असतो. दोन रंगांत उभी विभागलेली ढाल सांगताना डेक्स्टरचा रंग आधी येतो, आडवी विभागलेली असेल तर वरचा आधी. पहिले काही दिवस ढालीचं चित्र पाहिलं की बोट डावीकडे ठेवून मोठ्याने 'डेक्स्टर' म्हणा. पुढच्या निम्म्या चुका तिथेच टळतात.

पायरी २ : सात रंग आणि एक नियम

रंगांचे दोन गट आहेत. धातू दोनच : ऑर म्हणजे सोनं आणि आर्जंट म्हणजे चांदी. चित्रात सोन्यासाठी पिवळा आणि चांदीसाठी पांढरा चालतो. वॉशिंग्टनच्या वर्णनात 'पांढरा' न येता 'आर्जंट' आलं ते यामुळे. रंग पाच : ग्यूल्स लाल, अ‍ॅझ्युअर निळा, सेबल काळा, व्हर्ट हिरवा आणि पर्प्युअर जांभळा. जांभळा फार क्वचित भेटतो. यांशिवाय फर हा तिसरा गट आहे. त्यातली अर्मिन म्हणजे पांढऱ्यावर काळ्या शेपट्यांचे ठिपके. फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताची जुनी ढाल निव्वळ अर्मिनची होती. व्हेअर म्हणजे निळ्या-पांढऱ्या, एकात एक बसलेल्या घंटेसारख्या आकारांच्या ओळी.

नियम असा : धातूवर धातू नको, रंगावर रंग नको. लाल ढालीवर सोन्याचा सिंह चालतो, निळा चालत नाही. बाराव्या शतकात ही चिन्हं रुजली तेव्हा चेहरा शिरस्त्राणात झाकलेला योद्धा दुरून ओळखता यायला हवा होता. गडद आणि फिका रंग शेजारी आले तरच आकार उठून दिसतो.

हा नियम किती खोल मुरला आहे ते ब्रिटनच्या युनियन जॅकवर पाहा. सेंट जॉर्जचा लाल क्रॉस थेट निळ्यावर ठेवला असता तर रंगावर रंग आला असता. म्हणून त्याला पांढरी किनार दिली. या किनारीला फिम्ब्रिएशन म्हणतात. १८०१ साली आयर्लंडचा लाल तिरका क्रॉस त्यात आला, त्यालाही पांढरी कड मिळाली. झेंड्यातल्या पांढऱ्या पट्ट्यांची रुंदी सगळीकडे सारखी का नाही, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचं कारण हे : काही पांढरा स्कॉटलंडच्या तिरक्या क्रॉसचा आहे आणि काही नुसती किनार आहे.

नियमाला अपवादही आहेत. सगळ्यात प्रसिद्ध अपवाद धर्मयुद्धांच्या काळातल्या जेरुसलेमच्या राज्याचा : चांदीवर सोन्याचे क्रॉस. पण शिकताना अपवाद बाजूला ठेवा. चित्रात नियम मोडलेला दिसला, तर आधी आपण रंग चुकीचा ओळखला नाही ना, ते तपासा.

पायरी ३ : मोठे पट्टे

ढालीच्या कडेपासून कडेपर्यंत जाणाऱ्या मोठ्या आकारांना ऑर्डिनरी म्हणतात. जुन्या ढाली वाचताना सगळ्यात जास्त उपयोग यांचाच होतो, म्हणून इथे घाई करू नका.

वरच्या कडेला चिकटलेला आडवा पट्टा म्हणजे चीफ. मधोमध उभा पट्टा म्हणजे पेल. मधोमध आडवा पट्टा म्हणजे फेस. ऑस्ट्रियाचा झेंडा डोळ्यांसमोर आणा : त्यांची ढाल 'ग्यूल्स, अ फेस आर्जंट', म्हणजे लालवर चांदीचा फेस. पुस्तकं सांगतात की हे पट्टे ढालीच्या एकतृतीयांश रुंद असावेत, त्यांच्यावर दुसरं काही नसेल तर एकपंचमांश. प्रत्यक्षात चित्रकार डोळ्याला बरं दिसेल तसं काढतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

आपल्या डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातून उजवीकडे खाली उतरणारा तिरका पट्टा म्हणजे बेंड. उलट दिशेने उतरला तर बेंड सिनिस्टर. 'बार सिनिस्टर हे अनौरस संततीचं चिन्ह' असं वाक्य कादंबऱ्यांतून फिरत असतं, ते मनातून काढून टाका. इंग्रजी हेराल्ड्रीत बार आडवा असतो, त्यामुळे त्याला डावं-उजवं असण्याचा प्रश्नच नाही. आणि साधा बेंड सिनिस्टर कुठल्याही प्रतिष्ठित घराण्याच्या ढालीवर असू शकतो.

एका बेंडची किंमत काय असते ते स्क्रोप विरुद्ध ग्रॉव्हनर या खटल्यातून कळतं. १३८५ साली इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड स्कॉटलंडवर चालून गेला. त्या मोहिमेत यॉर्कशरचा रिचर्ड स्क्रोप आणि चेशरचा रॉबर्ट ग्रॉव्हनर या दोघांची ढाल एकच निघाली : 'अ‍ॅझ्युअर, अ बेंड ऑर', निळ्यावर सोन्याचा एक तिरका पट्टा. ना प्राणी, ना फूल. प्रकरण लष्करी न्यायालयात गेलं, वर्षानुवर्षं चाललं आणि शेकडो साक्षी झाल्या. १३८६ साली कवी जेफ्री चॉसरचीही साक्ष झाली. लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका नव्या पाटीवर ही ढाल टांगलेली दिसली, आत कुणीतरी स्क्रोप उतरला आहे असं वाटून चौकशी केली, तर ग्रॉव्हनरचं नाव ऐकायला मिळालं, तोपर्यंत या ढालीशी ते नाव कधी ऐकलं नव्हतं, असं त्याने सांगितलं. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रॉव्हनरला आधी अशी सवलत मिळाली होती की ढालीच्या कडेने चांदीची किनार लावून तोच बेंड वापरावा. पण १३९० मध्ये राजाने तीही काढून घेतली, कारण किनार लावून वेगळेपण दाखवणं ही एकाच रक्ताच्या नातेवाइकांची पद्धत. मग त्या घराण्याने निळ्यावर सोन्याची गव्हाची पेंढी घेतली. ही सल घराण्यात किती टिकली पाहा : पुढे ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर झालेल्या याच ग्रॉव्हनरांच्या एका घोड्याने १८८० साली एप्सम डर्बी जिंकली, त्या घोड्याचं नाव बेंड ऑर होतं.

आता उरलेले मोठे आकार. टोक वर असलेला, घराच्या कैच्यांसारखा कोन म्हणजे शेव्रन. इंग्लंडच्या क्लेअर घराण्याची ढाल 'ऑर, थ्री शेव्रन्स ग्यूल्स'. आपल्याकडे हवालदाराच्या बाहीवरच्या पट्ट्यांनाही शेव्रन म्हणतात, पण त्यांचं टोक खाली असतं. हेराल्ड्रीत टोक खाली असेल तर ते मुद्दाम सांगावं लागतं, काही सांगितलं नाही तर टोक वरच. उभा आणि आडवा पट्टा एकमेकांना छेदतात तो क्रॉस, दोन तिरके छेदतात तो सॉल्टायर. स्कॉटलंडचा निळा-पांढरा झेंडा म्हणजे 'अ‍ॅझ्युअर, अ सॉल्टायर आर्जंट'. क्रॉस नुसता म्हटला की त्याचे हात ढालीच्या कडांना भिडलेले असतात. स्वित्झर्लंडच्या क्रॉसचे हात मध्येच तुटतात, म्हणून त्याला 'कूप्ड' हे विशेषण लावायचं. वरच्या दोन कोपऱ्यांतून निघून मध्यभागी मिळणारा आणि खाली जाणारा वाय आकार म्हणजे पॉल. नायजेरियाच्या काळ्या ढालीवरचा लाटांच्या कडांचा पांढरा पॉल म्हणजे नायजर आणि बेन्वे या नद्यांचा संगम. वरून खाली निमुळतं होत जाणारं पाचरेसारखं टोक म्हणजे पाइल, आणि ढालीच्या चारी कडांनी फिरणारी पट्टी म्हणजे बॉर्ड्युअर. ग्रॉव्हनरला नाकारलेली किनार ती हीच.

पायरी ४ : पट्टा आहे की वाटणी?

ढालीवर पट्टा ठेवलेला नसून ढालच दुभागलेली असू शकते. त्या रेषेला पट्ट्याचंच नाव देतात, आधी 'पर' लावून. पर पेल म्हणजे उभे दोन भाग, पर फेस म्हणजे आडवे दोन, पर बेंड म्हणजे तिरके दोन, पर सॉल्टायर म्हणजे तिरक्या क्रॉसच्या रेषांनी झालेले चार त्रिकोण. माल्टाच्या ढालीची वाटणी 'पर पेल आर्जंट अँड ग्यूल्स' आहे : आपल्या डावीकडे पांढरा, उजवीकडे लाल. वाटणीत दोन भाग शेजारी शेजारी असतात, एकावर एक नाहीत, त्यामुळे इथे धातू-रंगाचा नियम लागत नाही.

उभ्या-आडव्या रेषेने चार भाग झाले तर क्वार्टरली. भागांचा क्रम आपण मराठी वाचतो तसाच : वरचा डावा पहिला, वरचा उजवा दुसरा, मग खालचे दोन. ब्रिटनच्या राजचिन्हात पहिल्या आणि चौथ्या भागात इंग्लंडचे सिंह आहेत, दुसऱ्यात स्कॉटलंडचा सिंह, तिसऱ्यात आयर्लंडची वीणा. मध्यबिंदूतून निघालेल्या रेषांनी पाचरीच पाचरी झाल्या तर गायरॉनी. स्कॉटलंडच्या कॅम्पबेल घराण्याची ढाल आठ पाचरींची, सोनं आणि काळा.

पायरी ५ : पट्टे मोजा, आणि सम-विषम बघा

नवख्यांची इथेच सगळ्यात जास्त गल्लत होते.

एकच आडवा पट्टा असेल तर तो फेस. दोन किंवा जास्त असतील तर ते बार. तसंच पेल एकटा असतो, अनेक झाले की पॅलेट. बेंड अनेक झाले की बेंडलेट. पट्टे इतके झाले की मूळ जमीन कुठली आणि तिच्यावरचे पट्टे कुठले ते कळेनासं झालं, तर एकूण भाग मोजा. विषम आले तर दोन्ही टोकांना एकच रंग असतो, म्हणजे ती जमीन, आणि दुसऱ्या रंगाचे पट्टे तिच्यावर ठेवलेले. सम आले तर एका टोकाला एक रंग आणि दुसऱ्या टोकाला दुसरा, म्हणजे जमीन कुठलीच नाही. मग ती ढालच पट्टेरी.

उदाहरणं घेऊ. स्पेनमधल्या अरागॉनच्या ढालीवर नऊ उभे भाग आहेत, पाच सोन्याचे आणि चार लाल. नऊ विषम, दोन्ही कडांना सोनं. म्हणून 'ऑर, फोर पॅलेट्स ग्यूल्स'. हंगेरीच्या चिन्हाच्या डेक्स्टर अर्ध्यात लाल-पांढरे आठ आडवे भाग आहेत. आठ सम, म्हणून 'बारी ऑफ एट, ग्यूल्स अँड आर्जंट'. आडव्या पट्टेरी ढालीला बारी, उभ्याला पेली, तिरक्याला बेंडी. पट्टेरी ढालीत वरचा किंवा डेक्स्टरचा रंग आधी सांगायचा, भागांचा आकडा न विसरता.

अमेरिकेत राहणाऱ्यांना सराव करायला एक चांगली ढाल रोज हाताशी असते. १७८२ साली मंजूर झालेल्या अमेरिकेच्या ग्रेट सीलवरची, म्हणजे राष्ट्रीय मुद्रेवरची, गरुडाच्या छातीवरची ढाल पासपोर्टच्या मुखपृष्ठावर आहे आणि एक डॉलरच्या नोटेच्या मागेही. तिच्यावर तेरा उभे भाग आहेत, सात पांढरे आणि सहा लाल, वर निळा चीफ. तेरा विषम. नियमाने तिला 'आर्जंट, सिक्स पॅलेट्स ग्यूल्स' म्हणायला हवं. पण तसं म्हटलं तर त्या वेळच्या राज्यांचा तेरा हा आकडा वर्णनातून नाहीसा होतो, म्हणून अधिकृत मजकुरात 'तेरा भागांची उभी पट्टेरी ढाल' असं लिहिलं. नियम ठाऊक असला की असं वेगळेपण चटकन लक्षात येतं आणि ते का केलं तेही कळतं.

उभे-आडवे पट्टे मिळून चौकडे झाले तर चेकी. क्रोएशियाच्या फुटबॉल संघाचा शर्ट सगळ्यांनी पाहिलेला आहे. देशाच्या ढालीत पंचवीस चौकोन, पहिला लाल. चौकोनांच्या जागी उभे समभुज चौकोन आले तर लोझेंजी. मोनॅकोच्या ग्रिमाल्डी घराण्याची ढाल अशी, चांदी आणि लाल. बव्हेरियाच्या निळ्या-पांढऱ्या ढालीतले हे आकार लांबट असतात आणि तिरके कललेले असतात, ते वर्णनात सांगावं लागतं.

पट्टेरी ढालीवर दुसरा पट्टा ठेवला की काय होतं ते मेरीलँड राज्याच्या झेंड्यात पाहा. त्याच्या पहिल्या आणि चौथ्या भागात कॅल्व्हर्ट घराण्याची ढाल आहे : सोन्याचे आणि काळे सहा उभे भाग, वर एक बेंड. बेंड जिथे सोन्यावर येतो तिथे काळा होतो, काळ्यावर येतो तिथे सोन्याचा. याला काउंटरचेंज्ड म्हणतात. मला ही सगळ्या हेराल्ड्रीतली सर्वांत देखणी युक्ती वाटते. एकच शब्द, आणि दोनच रंगांत डोळा खिळवून ठेवणारी ढाल तयार होते.

पायरी ६ : कडा बघा

पट्ट्याची कड सरळ असेल तर काही सांगायचं नाही. सरळ नसेल तर सांगावंच लागतं, नाहीतर ढाल बदलते. लाटांसारखी असेल तर वेव्ही. करवतीच्या दातांसारखी असेल तर इंडेंटेड. तटबंदीच्या चर्यांसारखी असेल तर एम्बॅटल्ड. ढगांच्या फुगवट्यांसारखी असेल तर नेब्युली. एन्ग्रेल्ड आणि इन्व्हेक्टेड या जोडीत फसायला होतं : दोन्हींत ओळीने अर्धगोल असतात, पण एन्ग्रेल्डमध्ये टोकं पट्ट्याच्या बाहेर येतात आणि इन्व्हेक्टेडमध्ये आत वळतात. दोन्ही एकाच कागदावर शेजारी काढून भिंतीला लावा. नुसतं वाचून हा फरक लक्षात राहत नाही.

पायरी ७ : छोटे आकार

लोझेंज म्हणजे शंकरपाळी, टोक वर करून उभी केलेली. तीच लांबट आणि निमुळती झाली की फ्यूझिल. लोझेंज मधून पोकळ असेल, म्हणजे नुसती चौकट उरली असेल, तर मॅस्कल. तिला मधोमध गोल भोक असेल तर रस्टर. चारही एकाच कुळातले, आणि जुन्या ढाली वाचताना सगळ्यात आधी यांच्यातच गोंधळ होतो. इंग्लंडमध्ये लोझेंजचा आणखी एक उपयोग होता : अविवाहित स्त्रिया आणि विधवा आपलं कुलचिन्ह ढालीऐवजी लोझेंजवर दाखवत, कारण ढाल लढणाऱ्याची मानली जाई. जुन्या चर्चमधल्या स्मारकावर चिन्ह शंकरपाळीच्या आकारात दिसलं तर बहुधा ते एखाद्या स्त्रीचं आहे.

उभी, विटेसारखी आयताकृती तुकडी म्हणजे बिलेट. नेदरलँड्सच्या राजचिन्हात सिंहाभोवती निळ्यावर सोन्याचे बिलेट विखुरलेले आहेत. भरीव वर्तुळ म्हणजे राउंडल, पोकळ वर्तुळ म्हणजे अ‍ॅन्युलेट.

राउंडलच्या बाबतीत इंग्रजी हेराल्ड्रीचा हट्ट असा की रंगागणिक नाव वेगळं. सोन्याचा बेझंट, चांदीचा प्लेट, लाल टॉर्टो, निळा हर्ट, काळा पेलेट, हिरवा पोमी. पांढऱ्या-निळ्या लाटांचा गोल म्हणजे फाउंटन. यातले बेझंट, प्लेट आणि टॉर्टो आत्ताच पाठ करा, बाकीची नावं गरज पडेल तेव्हा शोधा. कॉर्नवॉलच्या ड्यूकपदाच्या काळ्या ढालीवर पंधरा बेझंट आहेत, पाच, चार, तीन, दोन, एक अशा ओळींत. फ्लोरेन्सच्या मेदिची घराण्याच्या सोन्याच्या ढालीवर लाल गोळे आहेत आणि एक निळा. त्या निळ्यावर फ्रान्सची लिली आहे, कारण १४६५ साली फ्रान्सचा राजा अकरावा लुई याने ती वापरायचा मान दिला.

कडेपासून थोडी आत, ढालीच्या आकारानेच फिरणारी पट्टी म्हणजे ऑर्ल. ती बारीक असेल तर ट्रेशर. स्कॉटलंडच्या सिंहाभोवती दुहेरी ट्रेशर आहे, आणि तिच्यातून लिलीची फुलं आत-बाहेर डोकावतात. लेबल म्हणजे चीफच्या जागी आडवी पट्टी आणि तिला खाली लोंबणारे तुकडे. वडील हयात असताना थोरला मुलगा ते लावतो. प्रिन्स ऑफ वेल्सच्या ढालीवर तीन लोंबत्या तुकड्यांचं साधं पांढरं लेबल असतं. वरच्या डेक्स्टर कोपऱ्यातला छोटा चौकोन म्हणजे कँटन, आणि ढालीवर ठेवलेली छोटी ढाल म्हणजे इनस्कचन. ब्रिटिश बॅरोनेटला (हा वंशपरंपरागत किताब) आयर्लंडमधल्या अल्स्टर प्रांताचा लाल हात या दोहोंपैकी एकावर लावायचा अधिकार असे. १८५७ साली बॅरोनेट पद मिळालेल्या मुंबईच्या जमशेटजी जीजीभाईंनाही तो होता.

पायरी ८ : वाक्य रचा

ब्लेझनचा क्रम ठरलेला आहे, आणि तो म्हणजे चित्र काढण्याचा क्रम. आधी ढालीची जमीन. मग मुख्य पट्टा किंवा मुख्य चिन्ह. मग त्याच्या आजूबाजूला जे आहे ते. मग पट्ट्यावर जे आहे ते. चीफ, कँटन आणि बॉर्ड्युअर सगळ्यात शेवटी, कारण ते बाकी ढालीवर वरून ठेवल्यासारखे असतात. तोच रंग पुन्हा आला तर नाव परत न घेता 'ऑफ द फर्स्ट' किंवा 'ऑफ द सेकंड' म्हणण्याची जुनी सवय आहे. सुरुवातीला तुम्ही ती लावून घेऊ नका, रंगाचं नाव घ्या.

आता वॉशिंग्टनची ढाल स्वतः सोडवा. जमीन आर्जंट. आडवे पट्टे दोन, म्हणून बार. तारे पाच टोकांचे, सरळ कडांचे, त्यांना मलेट म्हणतात. ते कुठे आहेत? 'इन चीफ', म्हणजे चीफच्या भागात. 'अ चीफ' असं म्हटलं असतं तर वर वेगळ्या रंगाचा पट्टा काढावा लागला असता. एका शब्दाचा फरक आहे आणि त्याने ढाल बदलते. बार आणि मलेट एकाच रंगाचे, म्हणून 'ग्यूल्स' शेवटी एकदाच येतं आणि मागच्या सगळ्यांना लागू होतं.

पट्ट्यांची नावं मांडणी सांगायलाही लागतात. इन पेल म्हणजे एकाखाली एक, इन फेस म्हणजे आडव्या ओळीत, इन बेंड म्हणजे तिरक्या ओळीत. पोर्तुगालची ढाल यासाठी उत्तम आहे. चांदीवर पाच छोट्या निळ्या ढाली 'इन क्रॉस', म्हणजे मधली एक आणि तिच्या वर-खाली, डाव्या-उजव्या हाताला एकेक. त्या प्रत्येकीवर पाच प्लेट 'इन सॉल्टायर', म्हणजे चार कोपऱ्यांत चार आणि मधे एक. भोवती लाल बॉर्ड्युअर, त्यावर सोन्याचे सात किल्ले. हे वर्णन वाचून, चित्र न बघता, ढाल कागदावर काढा, मग पोर्तुगालच्या झेंड्याशी ताडून पाहा.

सरावासाठी दोघं असाल तर उत्तम. एकाने ढाल पाहून नुसतं वाक्य सांगायचं, दुसऱ्याने काढायचं. जिथे चित्र वेगळं आलं तिथे वाक्यात काय राहिलं ते शोधायचं. बहुतेक वेळा पट्ट्यांचा आकडा किंवा कडेचा प्रकार राहून गेलेला असतो.

एक सावधगिरी. 'तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह' विकणारी दुकानं युरोपात पर्यटकांच्या रस्त्यांवर आणि इंटरनेटवर भरपूर आहेत. इंग्रजी परंपरेत ढाल आडनावाची नसते, एका व्यक्तीची आणि तिच्या वारसांची असते. लंडनमध्ये १४८४ साली सनद मिळालेलं कॉलेज ऑफ आर्म्स आणि स्कॉटलंडमध्ये लॉर्ड लायन हा अधिकारी ती देतात. शिवाय दुकानदार सरसकट 'क्रेस्ट' म्हणतात, तेही चूक. क्रेस्ट म्हणजे शिरस्त्राणावरचं चिन्ह, ढाल नव्हे.

पायरी ९ : रंग नसलेला दगड

आपल्याकडे ही चिन्हं पाहायला मिळतात ती मुख्यतः दगडात आणि धातूत. १८७७ च्या दिल्ली दरबारात ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा यांच्यासह अनेक संस्थानिकांना युरोपीय धर्तीची कुलचिन्हं असलेले झेंडे दिले गेले. बंगाल सिव्हिल सर्व्हिसमधल्या रॉबर्ट टेलरने ती चिन्हं तयार केली होती. त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या १८३५ च्या पाव आण्यावर कंपनीची ढाल आली : दोन सिंहांच्या मधे क्रॉस असलेली ढाल आणि क्रॉसच्या वरच्या डेक्स्टर भागात एक छोटी ढाल. हे तांब्याचं नाणं जुन्या बाजारात अजूनही सहज सापडतं. ते हातात घ्या आणि ब्लेझन म्हणून बघा.

रंग कसे कळणार? सतराव्या शतकात रेघांची एक पद्धत रूढ झाली, तिचं श्रेय सिल्व्हेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पंथाच्या पाद्र्याला देतात. ठिपके म्हणजे सोनं, कोरी जागा म्हणजे चांदी, उभ्या रेघा लाल, आडव्या रेघा निळ्या, उभ्या-आडव्या जाळीचा काळा. आपल्या डावीकडून वरून उजवीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा हिरव्या, उलट्या दिशेच्या जांभळ्या. ग्रेट सीलच्या ठशात लाल पट्ट्यांवर उभ्या रेघा आणि निळ्या चीफवर आडव्या रेघा आहेत, त्या याच हिशोबाने.

पण जुन्या गोव्यातल्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये गेलात तर ही पद्धत हाताशी असेलच असं नाही. तिथली जमीन पोर्तुगीज घराण्यांच्या थडग्यांच्या शिळांनी फरसबंद केलेली आहे आणि अनेक शिळांवर ढाली कोरलेल्या आहेत. शतकानुशतकं पाय पडून पुष्कळशा झिजल्या आहेत. रेघा दिसल्या तर वाचा, पण दगडावरची प्रत्येक रेघ म्हणजे रंग असं धरू नका. छिन्नीचे घाव आणि भेगाही तशाच दिसतात. रंग कळत नसेल तर तो अंदाजाने भरू नका. वहीत आकार, संख्या आणि मांडणी लिहा, रंगाची जागा मोकळी सोडा. शिळेवर नाव किंवा साल कोरलेलं असेल तर ते अक्षरशः उतरवून घ्या, कारण घराण्याचं नाव मिळालं की पोर्तुगीज कुलचिन्हांच्या नोंदीत तुमचं अर्धवट वाक्य ताडून पाहता येतं. फोटो वरून आणि तिरप्या उजेडात, दोन्ही घ्या. तिरप्या उजेडात झिजलेल्या बेंडची कडही उठून दिसते, आणि तो बेंड आहे की बेंड सिनिस्टर ते शिळेच्या कोणत्या टोकाला उभं राहून पाहता त्याने बदलत नाही. मात्र ढालीचं टोक आपल्याकडे ठेवूनच फोटो काढा, म्हणजे नंतर चीफ आणि बेसची उलटापालट होणार नाही.